बिअरच्या कारखान्यात पाच मैत्रिणी

अलीकडे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या बायकाही परदेशी सहलीला जाऊ लागल्या आहेत. कुणाची लेक तिकडे नोकरीला असते, कुणाचा मुलगा शिकायला गेलेला असतो, तर कुणी भिशीचे पैसे साठवून सहलकंपनीबरोबर निघते. तुळजापूर, पंढरपूर, फार तर काशी-रामेश्वर एवढाच प्रवास ठाऊक असलेल्या घरात एक दिवस रंगीत छापील कार्यक्रम येऊन पडतो. त्यात राजवाडा, चर्च, संग्रहालय, नावेतली फेरी यांच्या रांगेत एक ओळ असते : 'बिअरच्या कारखान्यास भेट'.

ती ओळ वाचली की घरात क्षणभर कुणी बोलत नाही. मग सासूबाई विचारतात, "काय गं, आता दारूची भट्टी बघायला विमानानं जायचं होय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अॅमस्टरडॅमला हायनेकेन, कोपनहेगनला कार्ल्सबर्ग, डब्लिनला गिनेस अशी ही ठिकाणे तिकडे ताजमहालासारखी दाखवतात. पण ज्या घराने दारूपायी सोसले आहे, त्या घरच्या बाईला "चला, गंमत पाहून येऊ" असे म्हणणे सोपे नसते. म्हणून आम्ही पाच जणींनी काय केले आणि काय पाहिले ते सविस्तर सांगते. जावे की न जावे, ते जिचे तिने ठरवावे.

आमच्यापैकी एकीची लेक डब्लिनला नोकरी करते. डब्लिन म्हणजे आयर्लंडची राजधानी. तिच्याकडे आम्ही पंधरा दिवस राहिलो. दोघी निवृत्त शिक्षिका, एक भूमकडची, घरी म्हशी आणि खव्याची भट्टी असलेली, एक कळंबची, अंगणवाडीत आयुष्य घातलेली, आणि पाचवी मी. तिसऱ्याच दिवशी लेक म्हणाली, "मावशी, गिनेसचा कारखाना पाहायलाच हवा. इथे येणारा प्रत्येक पाहुणा तो पाहतो."

आमच्या नजरा आपोआप कळंबच्या मैत्रिणीकडे वळल्या. तिचे यजमान दारूनेच गेले. हातभट्टीपासून सुरुवात झाली आणि शेवटी रान गहाण पडले. आम्ही काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नका. मी पण येणार. ज्याच्यापायी माझ्या घराचं वाटोळं झालं, ते कसं करायलेत ते एकदा डोळ्यानं बघू तर द्या."

त्यावर कुणी काही बोलले नाही. आम्ही पाचही जणी निघालो.

कारखाना सेंट जेम्सेस गेट नावाच्या भागात आहे आणि आजही चालू आहे. पाहुण्यांना दाखवतात ती त्याच आवारातली जुनी इमारत. १९०४ साली ती बांधून झाली, १९८८ पर्यंत तिथे बिअर आंबवली जात असे, आणि २००० साली ती लोकांना पाहायला खुली झाली. सात मजले, आणि मधली मोकळी जागा पेल्याच्या आकाराची. तळमजल्यावर पायाखाली काच बसवून जुना भाडेपट्टा ठेवला आहे. आर्थर गिनेस या गृहस्थाने १७५९ साली ही जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने घेतली, तीही किती वर्षांसाठी? ९,००० वर्षांसाठी! आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करताना घरमालक दहा वेळा कपाळाला आठ्या घालतो. एक शिक्षिका मात्र दुसरीकडेच थांबली होती. "या बाईकडे बघा," ती म्हणाली. आर्थरची पत्नी ऑलिव्हिया. तिला एकवीस मुले झाली आणि त्यातली दहाच मोठी झाली. नवऱ्याच्या सहीवर काच बसवून लोकांना दाखवतात. हिच्या वाट्याला एवढीच ओळ आली.

आता बिअर होते कशी, ते सांगते. ऐकून नवल वाटेल, पण त्यातली निम्मी कृती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. लागतात चार वस्तू : पाणी, जव म्हणजे सातू, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले आणि यीस्ट. जव भिजत घालून त्याला मोड आणतात, जसे आपण मटकीला आणतो. मोड आला की गरम हवेने वाळवतात. याला म्हणतात माल्ट. मोड येताना धान्यात असे एक द्रव्य तयार होते की ते पिठूळपणाची साखर करून टाकते. मग हे माल्ट भरडून पासष्ट अंशांच्या आसपास गरम पाण्यात तास-दीड तास ठेवतात. पाणी गोड होते. ते गाळून घेतात, हॉप्स घालून उकळतात आणि निववून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व वायू करते. झाली बिअर! गिनेस काळी दिसते, कारण थोडा जव न मोडवता २३२ अंशांवर भाजून घालतात, अगदी कॉफीच्या बियांसारखा. पेला उजेडात धरला तर रंग काळा नव्हे, गडद माणकासारखा दिसतो.

भूमची मैत्रीण भट्टीतली जाणकार. तिने लेकीकरवी विचारले, "गाळल्यावर राहिलेल्या चोथ्याचं काय करता?" उत्तर मिळाले, गुरांना घालतात. ती खूश झाली. "म्हणजे काही वाया जात नाही," म्हणाली. "आमच्याकडं मिळाला असता तर म्हशींना घातला असता."

दुसरीला आठवली येळवस. आपल्याकडे वेळ अमावास्येला आंबिलाचे बिंदगे डोक्यावर घेऊन रानात जातो. तीही रात्रभर आंबवलेलीच असते. मग त्यात आणि यात फरक काय? फरक आंबवणाऱ्याचा. ज्वारीचे पीठ आणि ताक यांत मुख्यतः जिवाणूंचे काम चालते आणि ते आंबटपणा आणतात. बिअरमध्ये भरपूर साखर आणि निवडून घातलेले यीस्ट असते, ते अल्कोहोल करते. पावाच्या कणकेतही यीस्ट हेच काम करते, पण ते अल्कोहोल भट्टीत जवळजवळ उडून जाते. बाटलीतले कुठे जाणार? ते पोटातच जाते.

इथे एक हिशोब सांगून ठेवते, तो प्रत्येक आईला ठाऊक असावा. वयात आलेली मुले म्हणतात, "आई, बिअर म्हणजे काही दारू नव्हे." त्या डब्लिनच्या गिनेसमध्ये साधारण ४.२ टक्के अल्कोहोल असते. आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये ते आठ टक्क्यांपर्यंत असते. मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. आठ टक्क्यांनी गुणा : ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा एक लहान पेग घेतला तर त्यात सुमारे १३ मिलिलिटर असते. म्हणजे एक कडक मोठी बाटली बरोबर चार लहान पेग! 'नुसती बिअर' म्हणणाऱ्याला हा गुणाकार कागदावर करून दाखवा. रागावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो ते पाण्याच्या दालनात. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. गिनेसचे पाणी डब्लिनच्या दक्षिणेकडच्या विक्लोच्या डोंगरांतून येते. तिथे लेकीने एक हकीकत वाचून सांगितली. १७७५ साली डब्लिनच्या महापालिकेचे म्हणणे पडले, की गिनेस आपल्या वाट्यापेक्षा जास्त पाणी फुकट ओढतो आहे. त्यांनी पाट बुजवायला माणसे पाठवली. तेव्हा खुद्द आर्थर गिनेसने एका मजुराच्या हातातली कुदळ हिसकावून घेतली आणि शिव्या देत त्यांना अडवले. भांडण बरीच वर्षे चालले. अखेर तडजोड झाली आणि पाण्यासाठी वर्षाला दहा पौंड द्यायचे ठरले.

ती हकीकत ऐकून कळंबची मैत्रीण पहिल्यांदाच हसली. "म्हणजे पाण्यावरून भांडणं सगळीकडं सारखीच," ती म्हणाली. "फक्त आपल्याकडं कुदळ नसती, घागर असती."

आम्हाला पाचही जणींना २०१६ चा उन्हाळा आठवला. त्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले होते. शेजारच्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी आले. आपल्या जिल्ह्यात बायका टँकरपुढे रात्ररात्र घागरी लावून बसत होत्या. त्याच वेळी औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे आणि दारूचे कारखाने चालू होते. प्रकरण न्यायालयात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल २०१६ मध्ये या कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कमी करायला सांगितले. एक लिटर बिअर भरायला कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागते, कारण पिंपे, नळ्या, बाटल्या सारखी धुवावी लागतात. जव पिकवायला लागते ते पाणी आणखी वेगळे, आणि ते कितीतरी पट.

तुम्ही म्हणाल, आयर्लंडची गोष्ट वेगळी, तिथे पाऊसच पाऊस. मला इथे गंमत वाटली. डब्लिन शहरात वर्षाकाठी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चांगल्या वर्षी आपल्या धाराशिवातही जवळपास तेवढा पडतो! पण तिथे तो बारा महिने शिंतडल्यासारखा पडतो, ऊन बेताचे, जमीन सदा ओली. आपला चार महिन्यांत येतो, त्यातही मधे महिना-महिना दडी मारतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांत ऊन सगळे शोषून घेते. म्हणून त्यांच्याकडे जे शोभते ते आपल्याकडे तसेच्या तसे शोभेल असे नाही. ही गोष्ट बिअरलाच नव्हे, उसालाही लागू आहे.

शेवटचा मजला सगळ्यांत वरचा. चहूबाजूंनी काचा आणि खाली सगळे डब्लिन शहर. तिकिटातच एक पेला असतो. तो भरायचीही त्यांची रीत आहे : आधी पाऊण पेला तिरपा धरून भरायचा, निवू द्यायचा, मग वरचा भाग. दोन मिनिटे लागतात. फेसाचे बुडबुडे काठाने खाली जाताना दिसतात. बघत राहावे असे दृश्य आहे, खोटे कशाला बोलू? आमच्यातल्या एकीने दोन घोट घेतले आणि तोंड वाकडे करून "कडू काढा" म्हणून बाजूला ठेवला. चौघींनी फळांचा रस मागितला. तो मुलगा हसून देता झाला. कुणी आग्रह केला नाही, कुणी कारण विचारले नाही. कळंबची मैत्रीण काचेपाशी उभी राहून बराच वेळ खाली पाहत होती. मग म्हणाली, "केवढं स्वच्छ, केवढं नीट, केवढा उजेड! आमच्या गावात ती भट्टी ओढ्याच्या काठी अंधारात होती. पण आत गेल्यावर माणसाचं काय होतं, ते ह्या सात मजल्यांत कुठंच लावलेलं नाही, बाई."

तिचे म्हणणे खरे होते. त्या इमारतीत जाहिराती होत्या, पिंपे होती, जुन्या बोटी आणि घोडागाड्यांची चित्रे होती. पिणाऱ्याच्या घरची गोष्ट नव्हती. पण ती डब्लिन शहरात आहे, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला दिसली. शहराच्या मुख्य रस्त्यावर, ओ'कॉनेल स्ट्रीटवर, फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांचा पुतळा आहे. १८३८ साली कॉर्क गावी या पाद्रीबाबांनी दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली आणि लाखो आयरिश लोकांनी ती घेतली. हा पुतळा घडवला तो मेरी रेडमंड या शिल्पकार बाईने, आणि १८९३ साली तो उभा राहिला. पुढे १८९८ मध्ये फादर जेम्स कलेन यांनी डब्लिनमध्येच 'पायोनियर' नावाची संपूर्ण दारूबंदी पाळणाऱ्यांची संघटना काढली. तिच्या पहिल्या सभासद कोण? चार बायका! ज्या देशात हा कारखाना, त्याच देशात ही शपथ. दोन्ही पाहिल्याशिवाय तो देश पाहिला असे होत नाही. आयर्लंडच्या सरकारनेही २०१८ साली दारूवर अंकुश ठेवणारा आरोग्याचा कायदा केला, आणि जानेवारी २०२२ पासून ठरावीक किमतीपेक्षा स्वस्त दारू विकायला तिथे बंदी आहे.

पुतळ्यापाशी आमचे बोलणे आपोआप घराकडे वळले. आपल्या हातातही एक साधन आहे, बरं का. महाराष्ट्रात गावातले परवान्याचे दारूदुकान मतदानाने बंद करता येते. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की सह्यांची तपासणी होऊन गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली आणि आडवी बाटली. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई ही उभ्या बाटलीला मिळालेले मत! मागणी जिल्हाधिकारी किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करायची. बेकायदा हातभट्टीला मात्र मतदान लागत नाही, तिच्याविरुद्ध सरळ तक्रारच करायची.

आता ज्यांना अशा सहलीला जायचे आहे त्यांच्यासाठी थोड्या सूचना.

जायचे नसेल तर निःसंकोच सांगा. त्या दोन तासांत शहरात पाहण्यासारखे पुष्कळ असते. जायचे ठरले तर तिकीट आधी काढून ठेवा, दारात गर्दी फार असते. पायांत चप्पल नको, बूट घाला. सात मजले फिरायचे असतात. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे, संकोच करू नका.

पेला नको असेल तर "नको, रस द्या" एवढेच म्हणा. लांबलचक कारणे देत बसू नका. साखरेची, झोपेची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर 'चव म्हणून' सुद्धा घेऊ नये.

तिथल्या उपाहारगृहात जपून. मांसाच्या रश्शात आणि चॉकलेटच्या केकमध्येही ही बिअर घालतात. व्रत, पथ्य किंवा शाकाहार असेल तर आधी विचारा. पूर्वी बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरत. गिनेसने तो अलीकडे बंद केला आहे, पण सगळ्यांनीच केला असेल असे समजू नका.

आणि तिथून घरी आणण्यासारखी एक गोष्ट सांगते, तिला पैसे पडत नाहीत. मोडाच्या धान्याची ती युक्ती बाळाच्या पेजेला वापरा. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणा, कडक वाळवा, मोड चोळून पाखडून टाका, कढईत फक्त हलके गरम करा, तांबूस भाजू नका, आणि दळून ठेवा. सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी दाट पेज शिजवून थोडी निवली की त्यात हे पीठ अर्धा चमचा घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत पेज पातळ होते. मग एक उकळी देऊन, कोमट करून भरवा. पाणी न वाढवता पातळ झाल्याने लहानशा पोटात जास्त अन्न जाते. यासाठी ज्वारी मात्र घेऊ नका, तिच्या कोंबात अपायकारक अंश असतो. आमच्या अंगणवाडीच्या मैत्रिणीला ही कृती आधीपासून ठाऊक होती. "आपल्याकडं ह्याला सत्त्व म्हणतात," ती म्हणाली, "आणि ते पिऊन आजवर कुणी घरी भांडण केलेलं नाही."

शेवटी एकच. कारखाना बिअरचा असो, साखरेचा असो की आणखी कशाचा, देशातला असो वा परदेशातला, आत गेल्यावर दाखवणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा : पाणी कुठून आणता, आणि वापरून झाल्यावर कुठे सोडता? हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. डोक्यावर घागर वाहिलेल्या बाईला तो आपोआप सुचतो.